काळी पाच

एकशे बारा मतांनी शाळेची करवाढ पडली
आणि बँड बंद झाला.
गावाचं चुकलं असंही म्हणवत नाही,
टायरचा कारखाना त्याच वर्षी ओहायो सोडून गेला.
नाही म्हणणाऱ्यांत माझा भाऊ होता की नव्हता
ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
सणाला जेवायला बसलो की
बटाट्यांचं भांडं जरा जास्तच वेळा पुढे करतो.

जूनमध्ये सात चाव्या परत केल्या.
ऑफिसातल्या मिसेस ओस्टरहाउटनी यादीवर बोट ठेवलं:
आणि ट्युबाच्या खोलीची?
म्हटलं, हरवली.
हरवली नव्हती.

मग चौतीस अर्ज.
"आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे" अशी सुरुवात असली
की पुढचं वाचावं लागत नाही.
एकीने फोनवर सरळ सांगितलं, तिचे उपकार:
बावीस वर्षांचा अनुभव म्हणजे बावीस वर्षांचा पगार,
आम्हाला नुकतं पास झालेलं पोर परवडतं.
त्या रात्री बावीसच्या जागी बारा लिहून पाहिले.
पण मग कुठली दहा गाळायची?
पुराच्या वर्षीची, जेव्हा क्लॅरिनेटं
जिमच्या कठड्यावर वाळत घातली होती?
पुन्हा बावीस केले. अर्ज पाठवला. उत्तर नाही.

हिवाळाभर क्रेब्झच्या हार्डवेअरमध्ये चाव्या बनवल्या.
यंत्रात पितळ धरलं की ते किंचाळतं.
पहिल्याच दिवशी कान टवकारले:
काळी पाच. किंचित चढी, पण तीच.
सगळा बँड जुळतो तो सूर.
रोज सकाळी आठ दहाला साठ पोरं तो शोधायची,
निम्मी वर, निम्मी खाली,
आणि मधेच कधी, पुरता एक श्वासही नाही,
खिडकीची सैल काच बोलून उठायची.
गिऱ्हाईक म्हणतं, दोन करा.
करते. दोनदा ऐकते.

एका रिकाम्या दुपारी
ट्युबाच्या खोलीच्या चावीचीही नक्कल केली.
कशाला, ते मलाही सांगता यायचं नाही.

लोनी प्रुइट आला फेब्रुवारीत, तिसरा क्लॅरिनेट,
आता दाढी, बायको, भाड्याच्या घराची किल्ली हातात.
वाजवतोस का? नाही मिस, ते भाड्याचंच होतं, परत केलं.
पैसे मोजता मोजता म्हणाला,
वेल्डिंग करताना अजून श्वास कुठे घ्यायचा ते कळतं.
त्याला सवलत दिली. क्रेब्झला सांगितलं नाही.

मुलाखत मार्चमध्ये, दोन तासांवरच्या गावी.
टेबलापलीकडे तिघं. पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?
मी विचारलं, तुमचा पियानो शेवटचा कधी जुळवला होता?
तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.
मग हेडमास्तर क्विझेनबेरी हसले, ओशाळून,
आणि खरं ते सांगू लागले:
तीन शाळा, एक शिक्षिका. खोली नाही, ढकलगाडी आहे.
पगार जुन्यापेक्षा एक तृतीयांश कमी.
मी हो म्हटलं ते इतक्या पटकन
की घरी येताना गाडीत स्वतःचा राग आला.

पहिला सोमवार. कॉरिडॉरभर माझी गाडी,
वर ताशे, घुंगरं, चौदा बासऱ्या, एक तडकलेला झायलोफोन,
आणि चौथं चाक, दर फेऱ्याला कुरकुरणारं.
दुसरीतली पोरं दारात जमली. कसला आवाज?
म्हटलं, चाकाचा. पकडता येतो का बघा.
पकडला. म्हणजे वीस जणांनी वीस पकडले.
डेझरे नावाच्या मुलीने कान घट्ट दाबून घेतले होते
आणि बरोबर तिचाच लागला.
काळी पाच नव्हती ती.
पांढरी सहाही नाही. मधलीच कुठली तरी,
पेटीवर जिला पट्टीच नसते.

चाकासाठी तेलाची डबी घेऊन ठेवली आहे,
क्रेब्झकडूनच, कामाच्या शेवटच्या दिवशी.
शुक्रवारी घालू, म्हटलं होतं.
ऑक्टोबर उजाडला.
डबीचं सील अजून मोडलेलं नाही.