कणकुंबीचा रकाना

मॉडेल म्हणालं, एकशे बेचाळीस.
रडार म्हणालं, साठेक, फार तर सत्तर.
आणि कणकुंबीच्या रकान्यात
लुमाण्णा घाडीनं लिहिलेलं : शून्य.

बेळगावात, क्लब रोडमागच्या खोलीत
सकाळचे पावणेदहा.
भिंतीला ओल, बिस्किटाला ओल,
आणि मी तीन आकडे एका ओळीत मांडून बसलेली.
तिघे साक्षीदार, रात्र एकच,
कुणाचा कुणाशी मेळ नाही.

मॉडेलचं मला कळतं.
त्याच्या लेखी मुलूख म्हणजे बारा-बारा किलोमीटरचे चौकोन.
एका चौकोनात घाटाची कड, जांबोटीकडची राई,
पलीकडचा उघडा माळ,
आणि सगळ्यांना पाणी सारखंच,
पंगतीत आमटी वाढत जावी तसं.
त्याला हद्द कळत नाही, हे एक बरं :
चंदगडची कड त्याच चौकोनात, खानापूरचीही.
पण डोंगरही त्याला अर्धाच कळतो.
सह्याद्री त्यानं घासून घासून
टेकडी करून ठेवलाय.

रडारचंही कळतं.
ते गोव्यात, समुद्राशेजारी.
त्याचा झोत घाट ओलांडून येईस्तोवर इतका उंच गेलेला असतो
की आमचे बुटके ढग त्याच्या खालीच राहतात,
यल्लम्माच्या जत्रेत उंच माणसानं
पोरांच्या डोक्यांवरून पालखी बघावी तसे.
खाली झोडपून काढत असतं,
आणि पडद्यावर फिकट निळं.

पण शून्य?
जुलैत? कणकुंबीत?

फोन सातव्यांदा लागला.
“लुमाण्णा, शून्य कसं ओ?”
“भांड्यात काय नव्हतं बाई. नव्हतं ते लिवलो.”
“आणि बाहेर?”
“बाहेरचं काय इचारता.
मलप्रभेच्या कुंडाकडं जायला वाट न्हाई.”

मग थोडा वेळ फोनमधून नुसता पाऊस ऐकू आला.
त्याला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

तो छत्री घेऊन गेला. परत आला.
“नरसाळ्यात फणसाचं पान बसलंय.
पानावर बेडूक.”

आता ह्याला काय म्हणायचं.
शून्य म्हणजे पाहिलं, आणि नव्हतं.
रेघ म्हणजे पाहिलंच नाही.
त्यानं तर पाहिलं होतं,
साडेआठाच्या ठोक्याला, वाकून, चष्मा पुसून.
नियमाप्रमाणे मी शून्य खोडून रेघ मारते.
रेघ मारली की मॉडेल सुटतं, रडारही सुटतं,
ज्याच्याशी ताडून बघायचं तोच गैरहजर.

वहीवर कन्नडात छापलंय ‘मळे’, म्हणजे पाऊस.
पहिल्या महिन्यात लुमाण्णानं त्याखाली
आपल्या मळ्याचा सर्व्हे नंबर लिहून पाठवला होता,
सोबत, ऊस नाही, भातच, अशी टीप.
सगळे हसले होते. मीही.
ते पान साहेबांनी अजून फाडलेलं नाही.

आणि परवाचं राहिलंच :
मॉडेलनं पाऊस पाडला पारवाडला, पडला आमट्यात,
एक चौकोन सरकून.
आमच्या हिशेबात ह्या दोन चुका.
आला तिथं सांगितला नाही, ही एक,
सांगितला तिथं आला नाही, ही दुसरी.
पाऊस एकच.
जरासं सरकल्याची दोनदा शिक्षा होते,
हे नव्या मुलाला तासभर समजावलं.
तो धारवाडचा.
लुमाण्णाला एका वाक्यात कळलं होतं.
“आमचं बी तसंच की ओ,” म्हणाला,
आणि तंबाखू मळत बसला.

आज साडेआठला त्याचा फोटो आला :
मापाचा ग्लास, अंगठा, मागे तोच फणस,
फांदी छाटलेली.
खाली लिहिलंय,
नऊ ग्लास भरून, दहावा सोळावर.
एकशे शहाण्णव. बेडूक सोडून.

मॉडेल म्हणतं, अठ्ठ्याऐंशी.
रडार अजून गोव्यातच.