धारकास

पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी
गच्चीत दोरी बांधली
आणि राजे वाळत घातले.
पाचाचे, दहाचे, एक शंभराचा,
दाढीवाले, बिनदाढीचे,
कृष्णामाईनं सगळ्यांना सारखंच फुगवलेलं.
चौगुले वहिनी कठड्यावरनं बघून म्हणाल्या,
'भाऊजी, बँकेत बदलून देतील का हो?'

नाणी मात्र मी बोटीतनं बरोबर नेली होती.
जवान म्हणाला, औषधं घ्या, कागदं घ्या,
हा डबा कसला आजोबा?
आयर्विन पुलाची पट्टी सत्तावन्न दाखवत होती
आणि मांडीवर लिमलेटच्या गोळ्यांचा डबा
वाजत होता, बावन्न वर्षांपूर्वीच्या
माझ्या चामडी बॅगेसारखा.

भोकाचे पैसे, सुतळीत ओवलेले.
कंपनीचा पाव आणा.
कडी झाळलेला एक रुपया,
जो हरभट रोडच्या तांबोळीनं बोटानंच परत सरकवला:
'गळ्यात घातलेला आहे, मास्तर. किंमत पडते.'
मी म्हटलं, कुणाची?
तो भिंग पुसत बसला.

एक पावली त्याला दाखवत नाही.
एकोणीसशे अकराची.
राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो
म्हणून लोक खवळले, पुढच्या साली हत्ती बदलला.
आज तिला काय भाव आहे
ते मला पैशापर्यंत माहीत आहे.
कडेच्या रेघांत हळद आहे अजून.
नाणं धुवायचं नसतं, असा आमच्यात नियम.
मी काही नियमासाठी धुतलं नाही असं नाही.

सदुसष्ट साल, जत-मिरज गाडी.
मालगावला चढली. खांद्यावर पोरगं, तापानं फणफणलेलं.
पदराची गाठ दातानं सोडली.
'मिरजेचा दवाखाना. एवढंच हाय बघा, देवातलं.'
तिकीट वीस पैसे.
बोटांना चांदी कळते, कंडक्टरच्या तर अंधारातसुद्धा.
मी स्वतःचे चार आणे बॅगेत टाकले,
पावली शर्टाच्या खिशात.
डेपोत रोकड मोजली. पैशाचा फरक नाही.

सुट्टे नव्हते. तिच्या तिकिटामागं
पेन्सिलीनं पाचाचा आकडा काढला, खाली सही ठोकली.
'उतरताना घ्या, मावशी.'
मावशी कसली, माझ्याहून लहान असेल.
मिरजेत गाडी पुरती थांबायच्या आत ती उतरली
आणि पोराचं डोकं सावरत पळत सुटली.
मागं लाईन लागलेली.
मी घंटी ओढली. दोनदा.

दोरीवर दहाची नोट
वाऱ्यानं पाठमोरी होते, परत तोंड दाखवते.
इंग्रजीत छापलंय, धारकास देण्याचे मी वचन देतो,
आणि कुण्या साहेबाची सही.
पाच दिवस पाण्याखाली होती,
शाई जरासुद्धा फुटली नाही.
पेन्सिलीचं काय होतं पाण्यात,
ठाऊक नाही.

डब्यात पावलीला लागून
एक पाच पैशांचं ठेवलंय,
चौकोनी, अल्युमिनियमचं, फुंकलं तर उडेल असं.
बोटीत तेच जास्त वाजत होतं.