दाताळं

मार्चमध्ये आधी खड्डा फोडावा लागतो.
रात्रभर गोठलेली वाळू फावड्याला दाद देत नाही.
मग मी पहारीने तिच्या खपल्या काढतो,
उलटून पालटून उन्हाला दाखवतो.
अकराच्या सुमाराला ती वाळूसारखी वागायला लागते.
एकवीस वर्षं झाली. नेब्रास्काच्या या टोकाला
प्रशिक्षक म्हणजे ज्याच्याकडे शेडची किल्ली असते तो.

पोरं वर्गातून थेट येतात, तोंडात अर्धं सँडविच.
डाल्टन फायफर, उंच उडीवाला,
दांडी पडली की तिला सॉरी म्हणतो.
दांडी रागावत नाही रे, मी सांगून पाहिलंय.
त्याचा बाप गुरांचे लिलाव पुकारतो, घरातही त्याच आवाजात.
पाठीची कमान मी शिकवू शकतो.
बाकीचं, गादीवर उताणा पडून
तो आभाळाकडे बघत राहतो तेव्हा
त्याचं त्याला उमगलं तर उमगलं.

आणि न्यामाल.
न्यामाल गाटलुआक, ओमाहाची.
आई मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला,
आठवड्यातून एकदा फोन, तोही भावाच्या अभ्यासाबद्दल.
धावपट्टीच्या कडेला मी पांढरी टेप लावतो,
तिथून ती निघते, सोळा पावलं,
आणि पंधराव्याला खाली बघते.
दर वेळी.
फळी कुठे जात नाही, मी म्हणतो,
स्क्रूने आवळलीय, मीच आवळलीय.
ती हसते. परत सोळा. परत खाली.

बघितलं की पाऊल लांबतं,
पाऊल लांबलं की कंबर बसते,
कंबर बसली की उडी होत नाही,
नुसतं पुढे पडणं होतं.
हे मी रेघा मारून समजावलंय. समजतं तिला.
समजलेलं घोट्यापर्यंत उतरायला
किती दिवस लागतात, ते कुठल्या पुस्तकात नाही.

वाऱ्याचं काय सांगू.
वायोमिंगहून निघतो, वाटेत अडवायला एक कुंपण,
तेही तारेचं.

मे महिना. कॅन्सस. बसमध्ये नऊ तास.
पहिली उडी आखूड, दुसरी त्याहून आखूड.
तिसरीला मी कठड्याला धरून उभा,
तेरा, चौदा,
पंधराव्याला हनुवटी वर.

फळीवर पाय पडल्याचा आवाज मी ओळखतो.
हा जड दार एकदाच नीट लागतं, तसा.
मग बराच वेळ काही नाही.
मग वाळू, थेट पंचाच्या कॉफीपर्यंत.

लाल निशाण.
प्लॅस्टिसिनवर नखाएवढी खूण.

लाल उडी मोजत नाहीत.
टोपी उलटी घातलेला एक पोरगा दाताळं घेऊन आला,
मी थांब म्हणणार होतो,
कुणाला आणि कशाच्या जोरावर?
तीन ओढींत सगळं सपाट.

ती आली, मोज्यांतली वाळू झटकत.
किती होती, कोच?
मागच्या कुंपणाच्या चौथ्या खांबाशी
माझी नजर अजून खिळलेली होती.
आकडा दिला असता तर ती तोच शोधत बसली असती,
फळीसारखा.
दिसलं नाही, मी म्हणालो, ऊन डोळ्यावर होतं.
तिने आमच्या सावल्यांकडे पाहिलं,
दोन्ही खड्ड्याच्या दिशेने पसरलेल्या.
काही बोलली नाही.
डाल्टननेच तिला सॉरी म्हटलं.

सोमवारी शेडचं दार उघडं.
मी पोचलो तेव्हा ती खड्ड्यात उभी,
दाताळ्याच्या दांड्याने वाळूवर एक रेघ मारलेली.
इथे?
मी खिशातले हात काढले नाहीत.
ती वितभर पुढे सरकली. दुसरी रेघ.
इथे?
मी कोठारांकडे बघत होतो, मालगाडी भरत होती.
आणखी वितभर.
माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे,
ती थांबली.
मग तिनेच दाताळं फिरवलं, कडेकडेने, नीट,
एकही रेघ ठेवली नाही,
आणि टेपपाशी जाऊन
बुटाची नाडी बांधू लागली.