अकरा टक्के

गाडी मुळात घोड्यांची. अजून तिला
सुक्या गवताचा वास आहे, मागच्या फळीवर
टापांचे पोचे. ते मी मुद्दामच सरळ केले नाहीत.
छतावर चार पॅनेल, बाजूच्या नळीवर
पोरांच्या भिरभिऱ्याहून जराशीच मोठी पवनचक्की,
आत सहा बॅटऱ्या, कुठल्याशा इस्पितळाने टाकून दिलेल्या,
आणि एक डबा. त्याच्यावर हिरवा ठिपका लुकलुकला
की कुरणभर माणसांच्या माना खाली जातात.

गेनोर म्हणते, वेल्समध्ये उन्हावर पोट भरायचं
म्हणजे टकल्यांच्या गावात फण्या विकायच्या.
शुक्रवारी मी तिला हसले.
शनिवारी ढग उतरले ते थेट मेंढ्यांच्या पाठीवर.

दुपारी चौपन्न टक्के.
मंचावर तीन फिडल, आणि कुणी तो नाच
कार्डिफच्या आजारी मावशीला थेट दाखवत होतं.
चिप्सवाल्या मॅडॉकचं कार्डाचं यंत्र
गिऱ्हाइकासमोर नुसतं गोल फिरत होतं.
गुडघ्यापर्यंत चिखल माखलेली एक पोरगी आली,
म्हणाली, पासवर्ड काय?
मी वैतागून म्हटलं, पाऊस थांबू दे.
तिने तेच टाइप केलं. दोनदा.

एमरिस तेवढा काही विचारत नाही.
चौथं वर्ष, तोच गठ्ठा, तीच ओली टोपी.
त्याच्या दरीत रेंज नाही. तार टाकायला
कंपनी येणार म्हणतात; तेरा वर्षं ती येतेच आहे.
पार पॅटागोनियात त्याचा कुणी चुलतचुलत भाऊ आहे,
पणजोबांच्या भावाच्या वंशातला, तोंड न पाहिलेला.
दोघांचा एक डाव सुरू आहे, सहा वर्षं झाली.
बुद्धिबळाचा.
"माझी चाल राहिलीय," एवढंच तो सांगतो,
जसं कुणी म्हणावं, गाय दोहायची राहिलीय.

रात्री दोनला अकरा टक्के.
वारा असा पडलेला की तंबूचं कापडही हलेना.
मी एकेक तोडत गेले:
आधी मंचाचं प्रक्षेपण, मग लोकांचे फोटो,
मग मॅडॉकचं यंत्र. त्याच्या शिव्या
अंधारात नीट ऐकू आल्या.
एक धागा ठेवला, बारीक.
एमरिसला म्हटलं, पाठव, लवकर.
एका चालीला वीज ती किती लागणार?
काजव्याला लागते तेवढी.

पण तो विचार करत बसला.

पडदा विझायचा, तो अंगठ्याने जागा करायचा,
पुन्हा विझायचा. दहा.
उंट पुढे काढावा तर हत्ती उघडा पडतो,
हे तो मला नव्हे, बहुधा गवताला सांगत होता.
नऊ. आठ. मी आकड्याकडे बघायचं सोडून
त्याच्या जाड्या बोटांकडे बघू लागले.
विचाराला वीज लागत नाही, असं
मी यापुढे कधीही म्हणणार नाही.

सहावर त्याने घोडा हलवला.
अडीच घरं, वजिराच्या अंगाला.
बोट टेकवलं, आणि त्याच श्वासात
डब्यावरचा हिरवा ठिपका गेला.

"पोचली?"
"ठाऊक नाही."
कुरणावर इतका काळोख की मेंढ्यासुद्धा
एकमेकींना हाका मारून मोजत होत्या.
तिकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले. तिकडचा माणूस
जागा असेल, किंवा दिवा मालवून निजलेला.
आम्ही गाडीच्या फळीवर बसलो, पोच्यांना पाठ लावून.
त्याच्याकडे पाव होता, माझ्याकडे थंड झालेला चहा.
मॅडॉकही येऊन टेकला, न बोलता; चिप्स आणल्या,
उरलेल्या, मीठ जास्त झालेल्या.

पाचच्या सुमाराला पूर्वेकडे
धुतलेल्या दुधाच्या भांड्यासारखा उजेड.
डबा गप्पच. पण वर, नळीच्या टोकाला,
एक पातं करकरलं, थबकलं,
आणि अर्ध्या फेरीवर येऊन थांबलं.

एमरिसने टोपी मागे सारून वर पाहिलं.
"अजून दोन," म्हणाला.