यझ्द, निकालानंतरचा शुक्रवार

एक्केचाळीस हजार सहाशे बारा.
आकडा फरनूशने एकदाच वाचला,
मग मोबाइल पालथा घातला,
धुतलेली कपबशी घालतात तसा.

आत्याने आधीच आणलेली बदामी कोत्ताबची पेटी
फ्रिजवर आहे. तिला कुणी हात लावत नाही.
घरचा फोन वाजला की आई नळ सोडते,
म्हणजे ऐकू आलं नाही असं सांगता येतं.

कोन्कूरला माझी पाळी दोन वर्षांनी.
तिची पुस्तकं आत्ताच माझ्या कपाटात सरकलीत.
समासात तिचं पेन्सिलीचं बारीक अक्षर:
‘हे विचारतातच.’
विचारलं नाही.

दुपारी बाबांनी गच्चीवरून हाक मारली,
मला नाही, तिला.
कूलरचं गवत बदलायचं होतं,
जुनं क्षारांनी दगड झालेलं.
ती गेली. डोळे सुजलेले, पायात माझ्या चपला.
बराच वेळ नुसता पाना आपटल्याचा आवाज,
मग तिचा, चिडका:
‘पट्टा ढिला आहे, बाबा, मोटर कशाला खोलताय?’

बाबा तीस वर्षं कूलर दुरुस्त करतात.
त्यांना पट्टा दिसला नसेल?
हे मी तिला कधीच सांगणार नाही.

खाली जाळीतून वारा आला,
गार, ओल्या गवताच्या वासाचा.
आईने नळ बंद केला. फोन वाजतच होता.

फरनूश खाली आली, हात काळे,
त्याच हातांनी तिने पेटी उघडली.
‘शिळे झालेत,’ म्हणाली,
आणि दुसरा घेतला.