नववा दिवस

बेचाळीस किलोमीटर रविवारी संपले;
जिना मात्र गुरुवारपर्यंत
उलटा उतरत होतो,
कठडा धरून.

अंगठ्याचं नख काळं पडलंय.
हिंदुरावनं तालमीत पोटऱ्यांना तेल चोळलं,
म्हणाला, "कुस्ती झाल्यावर पैलवान बी
म्हशीगत पडून राहतोय.
तुला रं कसली घाई?"

गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला
दोन्ही हातांनी धरला.
घरी येऊन पडलो. म्हशीगत.

आज पहाटे रंकाळ्यावर
बूट बांधले, सैल.
घड्याळ घरीच.
संध्यामठ दिसेपर्यंत चाललो, मग
दिव्याच्या एका खांबापासून
दुसऱ्या खांबापर्यंत पळालो.
तेवढंच.

एक आजोबा काठी टेकत
पुढं निघून गेले.
जाऊ देत.

पोटरीत काहीतरी हललं —
दुखणं नसावं.