वारा पूर्वेकडून

वारा पाहून पाठ फिरवावी म्हणतात.
कुरासाव बेटावर हे सांगून उपयोग नाही,
इथं वारा बाराही महिने पूर्वेकडूनच येतो
आणि दिवी-दिवीच्या झाडांनी पाठ फिरवून
इतकी वर्षं झालीत
की ती आता तशीच वाढतात:
बुंधा सरळ, माथा पश्चिमेला आडवा,
कुणी केसांना धरून फरफटत न्यावं तशी.

खाडीच्या काठाला रिफायनरी.
तिच्या पूर्वेला बँका, वकील,
पिवळ्या-निळ्या भिंती आणि जहाजातून उतरून
त्या भिंतींसमोर फोटो काढणारे पाहुणे.
पश्चिमेला आम्ही.
जागांचे भाव कुणी ठरवले विचारू नका,
वाऱ्यानं ठरवले.

आई, रुथमिला, चादरी घरातच वाळवायची.
माझ्या पलंगावरून दोरी जायची,
ओल्या कापडाखाली झोपून मी पाढे पाठ केले.
बाहेर टाकलं की तासाभरात
पांढऱ्यावर बारीक काळे ठिपके,
साबणाला न जुमानणारे.
शेजारची एल्विएन्का म्हणायची,
देवाला आपलं जेवण अळणी लागतं गं,
वरून मिरपूड टाकतोय.

शाळेत घंटा दोन तऱ्हेची.
लांब वाजली की सुट्टी.
तुटक वाजली की खिडक्या लावा,
तोंडाला रुमाल, आणि रांगेनं घरी.
सडक्या अंड्यांचा तो वास आला
की आम्ही पोरं मनातून खूश,
गणित बुडायचं.
नंतर कळलं, घरी गेलो
म्हणजे त्या वासाच्या आणखी जवळ गेलो.

वडील तिथंच कामाला.
त्यांच्या बुटांना तोच वास, पगाराच्या पाकिटालाही.
ज्यानं मला खोकला दिला
त्यानंच खोकल्याचं औषध आणलं,
वह्या आणल्या, नाताळात हॅम आणला.
त्यामुळे आमच्या घरात कुणी नाक मुरडत नसे.
नाक मुरडायचं
म्हणजे ऑर्लिन इसेनियाच्या ताटावरून उठायचं.

रात्री ज्वाला.
गल्लीतला दिवा गेला तर कुणी तक्रार करत नसे.
धाकटा गिलमार चित्रात दोन सूर्य काढायचा,
एक दिवसपाळीचा,
एक रातपाळीचा.

मग एके वर्षी ती विझली.
करार संपला, की तेल यायचं थांबलं, की मालक पळाला,
वडिलांना ऑफिसात तीनदा समजावलं,
तिन्ही वेळा वेगळं.
पहिल्या रात्री एवढा काळोख
की कुत्री आकाशाकडे बघून भुंकली.

त्या काळोखात आईनं पेटी उघडली.
लग्नातल्या दोन चादरी,
एकदाही बाहेर न वाळलेल्या,
तिनं धुतल्या नसत्या तरी चालल्या असत्या,
पण धुतल्या,
आणि अंगणात टाकल्या, रात्रभर.
सकाळी चष्मा लावून
वीत वीत तपासत गेली.
दुसऱ्या चादरीच्या कोपऱ्यात एक डाग.
बोटानं खरवडला, वास घेतला.
पाखरानं घाण केली होती.
ती एवढी हसली की जमिनीवरच बसली.

वडील हसले नाहीत.
ते सहा वाजताच बूट घालून
दारात उभे होते.

गिलमार आता रॉटरडॅमला असतो.
तिथल्या रिफायनरीत, वडिलांचंच काम,
फक्त हातमोजे चांगले.
रविवारी फोन करतो.
म्हणाला, इथं वारा दिवसातून चारदा फिरतो, पप्पा.
थोडं थोडं सगळ्यांच्या वाट्याला येतं,
बंगलेवाल्यांच्यासुद्धा.
वडील बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, हं, म्हणजे न्याय आहे म्हणायचा.

आईनं त्यांच्या हातातून फोन ओढला.
अरे, मग तिथल्या बायका
दोरी कुठल्या बाजूला बांधतात?